वाचकांचे प्रश्न : आरोग्य नेतृत्वाच्या शिष्यवृत्त्या नेमक्या कोणासाठी असतात?

सार्वजनिक आरोग्याच्या उच्च शिक्षणासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांविषयी ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून अलीकडे इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. त्यांतील पाच पत्रे येथे थोडक्यात दिली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी तुर्भे येथील एका नागरी आरोग्य केंद्रात पाच वर्षांपासून परिचारिका आहे. बी.एस्सी. नर्सिंग झाले आहे. परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘नेतृत्वगुणांचा पुरावा’ मागितलेला वाचला आणि अर्ज बाजूला ठेवला. माझ्या हाताखाली कोणी नाही, माझ्याकडे पदही नाही. या शिष्यवृत्त्या डॉक्टरांसाठीच असतात का?

उत्तर : नाही, त्या डॉक्टरांसाठी राखलेल्या नसतात, आणि तुम्ही बाजूला ठेवलेला अर्ज पुन्हा हातात घ्यावा असे मला मनापासून वाटते. सार्वजनिक आरोग्य म्हणजे एका रुग्णावर उपचार करणे नव्हे, तर एका वस्तीत, तालुक्यात किंवा शहरात माणसे आजारीच पडू नयेत आणि पडली तर त्यांना वेळेत उपचार मिळावेत, याची व्यवस्था लावणे. ते काम परिचारिका, संख्याशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते, अभियंते आणि प्रशासक मिळून करतात, त्यामुळे या विषयातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे दरवाजेही या सर्वांना उघडे असतात.

तुमच्या पात्रतेला बसणाऱ्या दोन योजना आधी सांगते. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपच्या विषयांत सार्वजनिक आरोग्याचा समावेश आहे. तिच्यासाठी किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव आणि अमेरिकेतील चार वर्षांच्या पदवीशी समकक्ष शिक्षण लागते. तीन वर्षांच्या पदवीवाल्यांना येथे अडचण येते, पण बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची असल्याने तुमची ती अडचण आपोआप सुटते. ही योजना राबवणाऱ्या भारत-अमेरिका शैक्षणिक प्रतिष्ठानाचे कार्यालय मुंबईतही आहे. दुसरी चेव्हनिंग. ब्रिटिश सरकार १९८३ पासून ही शिष्यवृत्ती देत आहे. ती ब्रिटनमधील एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे शुल्क, राहण्याचा खर्च आणि प्रवास असा सर्व भार उचलते. तिची अनुभवाची अट दोन वर्षांची आहे, म्हणजे त्यांच्या हिशेबाने २,८०० तास, आणि त्यात स्वयंसेवी कामाचे तासही धरले जातात. दोन्ही योजनांत शिक्षण संपल्यावर मायदेशी परतणे अपेक्षित असते. चेव्हनिंगमध्ये परतल्यावर किमान दोन वर्षे येथे राहावे लागते. फुलब्राइटच्या व्हिसालाही दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट जोडलेली असते.

आता नेतृत्वाकडे येते, कारण तुमच्यासारख्या अनेकींचे अर्ज याच शब्दापाशी अडतात. आपल्याकडे नेतृत्व म्हटले की खुर्ची, सही आणि हाताखालची माणसे डोळ्यांसमोर येतात. निवड समिती मात्र एक वेगळी गोष्ट शोधत असते : समोर दिसणारी अडचण या व्यक्तीने स्वतःची मानली का, ती सोडवण्यासाठी ज्यांच्यावर तिचा अधिकार चालत नव्हता अशा माणसांना तिने सोबत घेतले का, आणि त्यामुळे काही बदलले का.

गेली काही वर्षे मी तरुण सहकाऱ्यांचे अर्जनिबंध रवाना होण्यापूर्वी वाचत आले आहे. एका आरोग्यसेविकेच्या पहिल्या मसुद्यात ‘मी लसीकरण मोहिमेचे यशस्वी नेतृत्व केले’ एवढेच वाक्य होते. तिला विचारत गेल्यावर खरी हकिकत बाहेर आली. तिच्या वस्तीतील बऱ्याच आया सकाळी नाक्यावर मजुरीसाठी उभ्या राहत, आणि लसीकरण सत्र सुरू होईपर्यंत त्या कामावर गेलेल्या असत. नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘नकार’ असा शेरा पडत होता. हिने वस्ती आणि आरोग्य केंद्र यांना जोडणाऱ्या लिंक वर्कर ताईंबरोबर दोन आठवडे घरोघरी जाऊन त्या कधी परततात ते टिपले, वैद्यकीय अधिकाऱ्यांना ती यादी दाखवली, एका मुकादमाला विश्वासात घेतले आणि महिन्यातून एक सत्र संध्याकाळी घेण्याची परवानगी मिळवली. मागे राहिलेल्या बालकांची यादी त्यानंतर आखूड होत गेली. दुसऱ्या मसुद्यात तिने हे सर्व आकड्यांसह लिहिले, आणि त्यात ‘नेतृत्व’ हा शब्द एकदाही वापरावा लागला नाही.

तुमच्या पाच वर्षांतही अशी एखादी हकिकत नक्की असेल. ती शोधण्यासाठी जुन्या नोंदवह्या काढा. क्षयरोगाच्या रुग्णाने औषधे मध्येच सोडली तेव्हा तुम्ही काय केले, पावसाळ्यात डेंग्यूच्या सर्वेक्षणात पिंपे तपासू न देणाऱ्या घरांत तुम्ही शिरकाव कसा मिळवला, गरोदर मातांची नोंदणी उशिरा का होते याचे तुमचे निदान काय, हे लिहून काढा. आधी किती होते आणि नंतर किती झाले, हे आकडे खरे असू द्या, मग ते लहान का असेनात. फसलेला प्रयत्नही लिहिता येतो, मात्र तो का फसला हे तुम्हाला कळलेले असले पाहिजे.

शिफारसपत्राविषयी एक सूचना करते. मोठ्या पदावरच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या व्यक्तीचे पत्र घेण्यापेक्षा, ज्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तुमचे काम रोज पाहिले आहे त्यांचे पत्र कितीतरी अधिक उपयोगी पडते. त्यांना अर्जाची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर दोन महिने आधी भेटा.

प्रश्न : आम्ही कल्याणला राहतो. मुलीने यंदा बी.डी.एस. पूर्ण केले असून तिला परदेशात एम.पी.एच. (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) करायचे आहे. एका सल्लागार कार्यालयाने ‘शंभर टक्के शिष्यवृत्तीची हमी’ देऊन मोठी आगाऊ रक्कम मागितली आहे. मुलीचा एसओपी, म्हणजे अर्जासोबतचा उद्देशनिबंधही तेच लिहून देणार आहेत. पैसे भरावेत का?

उत्तर : भरू नयेत. वर उल्लेखिलेल्या योजना अर्जासाठी शुल्क घेत नाहीत, आणि त्यांची निवड कोणत्याही मध्यस्थाच्या हातात नसते, त्यामुळे हमी देणारा माणूस आपल्याजवळ नसलेली वस्तू विकत असतो. अशी कार्यालये पुष्कळदा विद्यापीठाने दिलेल्या शुल्कसवलतीलाच ‘शिष्यवृत्ती’ म्हणतात. शुल्काचा पाचवा हिस्सा माफ झाला तरी उरलेले शुल्क, घरभाडे, विमा आणि प्रवास हा खर्च कुटुंबावरच येतो. म्हणून कोणतीही योजना समोर आली की ती यांपैकी काय काय भरते, हे लेखी विचारावे. मुंबईतील जे. एन. टाटा एंडाउमेंट ही १८९२ पासून चालत आलेली नामांकित संस्था आहे, पण ती देते ती कर्जशिष्यवृत्ती, म्हणजे ती रक्कम परत करायची असते. त्यात गैर काहीच नाही, फक्त ते आधी माहीत असावे.

मुलीला अजून नोकरीचा अनुभव नसल्यामुळे चेव्हनिंग किंवा फुलब्राइटसाठी ती आज पात्र ठरत नाही. अनुभवाची सक्ती न करणारा एक मार्ग युरोपीय संघाच्या एरास्मस मुंडस शिष्यवृत्त्यांचा आहे. त्यांत दोन वर्षांचा अभ्यासक्रम वेगवेगळ्या देशांतील विद्यापीठांत पूर्ण करायचा असतो, शुल्क भरावे लागत नाही आणि दरमहा १,४०० युरो मिळतात. फ्रान्समधील रेन येथून समन्वय होणारा ‘युरोपबहेल्थ’ हा त्यांतील सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम आहे. जागा थोड्या आणि अर्जदार जगभरातले असतात, हे लक्षात ठेवावे. माझे मत विचाराल तर मुलीने आधी दोन वर्षे एखाद्या सार्वजनिक रुग्णालयात किंवा वस्तीत काम करणाऱ्या संस्थेत नोकरी करावी. तोंडाच्या कर्करोगाची लक्षणे घेऊन उशिरा येणारे तंबाखू खाणारे रुग्ण पाहिल्यानंतर तिने लिहिलेला निबंध आजच्या निबंधाहून अगदी वेगळा असेल.

एसओपी दुसऱ्याकडून लिहून घेणे मला सर्वांत अधिक खटकले. आपण कल्याणकर आहात म्हणून आठवण करून देते. आनंदीबाई जोशी कल्याणच्याच. अमेरिकेला जाण्यापूर्वी १८८३ साली त्यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे भरसभेत इंग्रजीत भाषण करून आपण का जात आहोत, एकट्या का जात आहोत आणि भारतात स्त्री डॉक्टरांची गरज किती आहे, हे स्वतः मांडले. त्या भाषणाची वार्ता पसरल्यावर ठिकठिकाणाहून मदत आली, खुद्द व्हाइसरॉयनीही दोनशे रुपये पाठवले. अठराव्या वर्षात असलेल्या मुलीने जे स्वतः सांगितले, ते दंतवैद्य झालेल्या तुमच्या लेकीलाही सांगता येईल. मुलाखतीत तर तिलाच बोलायचे आहे, आणि निबंध दुसऱ्याचा असला की ते तिसऱ्या प्रश्नाला उघड होते.

प्रश्न : ऐरोलीत संगणक क्षेत्रात नोकरी करतो. संख्याशास्त्रात एम.एस्सी. आहे. आरोग्याशी संबंध नसलेल्या पदवीवर या क्षेत्रात येता येते का?

उत्तर : येता येते, आणि तुमची गरजही आहे. हार्बर मार्गावर गोवंडीला उतरल्यावर दोन संस्था अगदी जवळ आहेत, त्या आधी पाहून या. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ मध्ये स्थापन झाली आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम तीच पाहते. तेथील ठरावीक जागांना केंद्र सरकारचे विद्यावेतन मिळते. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सामाजिक साथरोगशास्त्र, म्हणजे सामाजिक परिस्थिती आणि आजार यांचा संबंध तपासणाऱ्या विषयात एम.पी.एच. करता येते. परदेशाचा विचार त्यानंतर करावा.

प्रश्न : मी कळव्याची, नवबौद्ध समाजातील आहे. बी.फार्म. झाले असून वडील रिक्षा चालवतात. सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशात एम.पी.एच. करणे शक्य आहे का? आणि परत आल्यावर ठाण्यात मला काम मिळेल का? हा दुसरा प्रश्न मला अधिक छळतो.

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी वयोमर्यादा ३५ वर्षे असून शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता आणि विमानभाडे मिळते. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप हा दुसरा मार्ग आहे. तिच्यासाठी आधीच्या पदवीत किमान ६० टक्के गुण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे लागते. दोन्ही योजनांत विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरलेल्या मर्यादेत असावे लागते. ती मर्यादा आणि उत्पन्नाच्या अटी अधूनमधून बदलत असल्याने त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण मानावी, मागच्या वर्षी निवड झालेल्या मैत्रिणीचे सांगणे नव्हे.

या योजना तुर्भ्याच्या भगिनींना सांगितलेल्या योजनांहून एका बाबतीत वेगळ्या आहेत. येथे नेतृत्वाच्या निबंधापेक्षा प्रवेशपत्र आणि कागदपत्रे निर्णायक ठरतात. प्रवेशपत्र विनाअट लागते, म्हणजे ‘इंग्रजीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास’ अशी अट त्यावर शिल्लक असता कामा नये. म्हणून आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा आधी द्यावी. जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांची तजवीज आजच सुरू करावी, कारण प्रवेश मिळालेला असूनही केवळ दाखला वेळेत न आल्यामुळे एक वर्ष गमावलेली मुले मी पाहिली आहेत आणि त्या वेळी त्यांच्या घरात पसरलेली शांतता विसरता येत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र तितके सरळ उत्तर नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा करण्याचा करार त्यांनी केला होता. करार पाळण्यासाठी ते १९१७ मध्ये बडोद्याला रुजू झालेही, पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही आणि काही दिवसांतच नोकरी सोडून परतावे लागले. शिकून परत येण्याची अट विद्यार्थ्यावर घालणाऱ्या व्यवस्थेने त्याची जागाही राखून ठेवली पाहिजे, ही गोष्ट या प्रसंगापासून आपल्यापुढे उभी आहे आणि आजही ती पुरती सुटलेली नाही, असे मला वाटते.

आजचे चित्र असे आहे. एम.पी.एच. झालेल्यांना राष्ट्रीय आरोग्य अभियानात, जिल्ह्याच्या रोग सर्वेक्षण कक्षात, महापालिकांच्या साथरोग नियंत्रण विभागांत आणि संशोधन संस्थांत काम मिळते. खारघरमध्ये टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे, तेथे साथरोगशास्त्राचे कामही चालते. परंतु सरकारी आणि महापालिकेच्या बहुतेक जागा कंत्राटी असतात, मुदतवाढीची वाट पाहावी लागते, आणि वरची पदे बहुधा एमबीबीएस डॉक्टरांकडेच जातात. केंद्राने २०२२ मध्ये राज्यांना सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र व्यवस्थापन केडर, म्हणजे अधिकाऱ्यांचा वेगळा संवर्ग उभारण्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्या जितक्या लवकर अमलात येतील तितके तुमच्या पिढीचे हित आहे, आणि लोकप्रतिनिधींकडे हा प्रश्न आग्रहाने मांडायला हवा.

तोपर्यंत तुमच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे जाण्यापूर्वी येथे मुळे रोवणे. निघण्याआधी वर्षभर कळव्यातच एखाद्या प्रश्नावर काम करा. औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या मुलीला चिठ्ठीशिवाय विकली जाणारी प्रतिजैविके हा विषय घराबाहेर पाऊल टाकताच सापडेल. तेथील प्रबंधासाठी तोच विषय घ्या. परत याल तेव्हा तुमच्याजवळ पदवीसोबत या शहराविषयीचे असे ज्ञान असेल, जे मुलाखत घेणाऱ्यांकडेही नसेल.

प्रश्न : मी बी.ए.एम.एस. असून मुरबाड तालुक्यातील एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. वय ३६, दोन लहान मुले. दोन वर्षे नोकरी आणि घर सोडून जाणे शक्य नाही. मग हा विषय माझ्यासाठी संपला असे समजावे का?

उत्तर : अजिबात समजू नये. नियमाप्रमाणे आदिवासी भागातील उपकेंद्राकडे साधारण तीन हजार लोकसंख्या असते. एवढ्या लोकांचे आरोग्य वर्षानुवर्षे एकाच ठिकाणाहून पाहण्याची संधी मोठ्या विद्यापीठातील प्राध्यापकांनाही क्वचितच मिळते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतले आणि गडचिरोलीला गेले. गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेतल्यास बालमृत्यू किती कमी होतात, हे त्यांनी खेड्यांतील जन्म आणि मृत्यू काटेकोरपणे मोजून १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट दिसली होती. आज देशभरातील आशाताई नवजात बाळासाठी ज्या गृहभेटी देतात, त्यांच्यामागे हे काम आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्यही त्याच विद्यापीठात शिकून आले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केले. दोन्ही ठिकाणी पदवीइतकेच महत्त्व गावात टिकून राहून केलेल्या मोजणीला होते, आणि ती मोजणी तुम्ही कुठेही न जाता सुरू करू शकता.

तुमच्या परिस्थितीला जुळणारी एक योजना अमेरिकेची हम्फ्री फेलोशिप ही आहे. ती १९७८ पासून चालू असून अनुभवी व्यावसायिकांसाठी आहे. मुदत दहा महिन्यांची, पदवी मिळत नाही, विषयांत सार्वजनिक आरोग्याचे धोरण आणि व्यवस्थापन येते, आणि किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. दहा महिनेही तुम्हाला आज जास्त वाटतील, पण मुले थोडी मोठी झाल्यावर हा पर्याय खुला राहील. या योजनेत वय नव्हे, तर अनुभव पाहिला जातो. कंत्राटी सेवेत असल्याने रजा आणि ना-हरकत प्रमाणपत्र यांविषयी जिल्हा कार्यालयाकडे आधीच लेखी विचारणा करावी, तोंडी होकारावर राहू नये.

दरम्यान एकच प्रश्न निवडा. सर्पदंशाचा रुग्ण तुमच्या एखाद्या दूरच्या पाड्यावरून प्रतिविष मिळेल अशा ठिकाणी पोहोचेपर्यंत किती वेळ जातो आणि तो कोणत्या टप्प्यावर वाया जातो, हा प्रश्न मला सुचतो, कारण पावसाळ्यात तो तुमच्या दारी येतोच. दंश झाल्याची वेळ, भगताकडे गेले असल्यास तेथे गेलेला वेळ, वाहन मिळाल्याची वेळ आणि रुग्णालयात पोहोचल्याची वेळ असे चार रकाने एका साध्या वहीत आखा, आशाताईंना ते भरायला शिकवा, आणि रुग्णांची नावे वहीबाहेर जाणार नाहीत याची काळजी घ्या. दोन पावसाळ्यांच्या नोंदी जमल्या की त्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दाखवा आणि त्यांची एक प्रत मलाही पाठवा. अर्जाचा मसुदा आपण त्या वहीवरून एकत्र बसून करू.